हिवाळी पक्षीगणना : आकडा खरा, पण कशाचा?

जानेवारी महिना उजाडला की महाराष्ट्रातल्या कितीतरी जलाशयांच्या काठी भल्या सकाळी माणसांचे छोटे छोटे गट दिसू लागतात. कुणाच्या गळ्यात दुर्बीण असते, कुणाच्या हातात वही असते, तर कुणाजवळ नुसताच उत्साह असतो. त्यांत शिक्षक असतात, महाविद्यालयात शिकणारी मुले असतात, वनखात्याचे कर्मचारी असतात, कधी एखादा डॉक्टर किंवा दुकानदारही असतो. ही मंडळी पाणपक्षी मोजायला आलेली असतात. या कामाचे त्यांना पैसे मिळत नाहीत. प्रवासखर्चही बहुधा ज्याचा त्यानेच करायचा असतो.

आशियाई पाणपक्षी गणना या नावाने ओळखले जाणारे हे काम भारतीय उपखंडात १९८७ साली सुरू झाले. त्याआधी १९६७ पासून युरोपात अशी गणना होतच होती. वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था जगभरच्या गणनांचा मेळ घालते आणि भारतात तिच्या जोडीला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. गणनेसाठी जानेवारीचा मधला पंधरवडा निवडण्यामागे कारण आहे. उत्तरेकडून येणारे पक्षी तोपर्यंत आपापल्या हिवाळी मुक्कामी स्थिरावलेले असतात आणि परतीचा प्रवास अजून सुरू झालेला नसतो. त्यामुळे एकच थवा आज एका तळ्यावर आणि चार दिवसांनी दूरच्या तळ्यावर मोजला जाण्याची शक्यता या काळात सर्वांत कमी असते.

या गणनेवर आम्ही इथे थोडी टीका करणार आहोत. गणनेत आम्ही स्वतः भाग घेतो, पुढेही घेऊ. पण इतकी माणसे इतक्या आपुलकीने जे काम करतात, त्यातून हाती काय लागते आणि काय लागायला हवे, हा प्रश्न शिक्षकांनी आणि मोठ्या विद्यार्थ्यांनी विचारलाच पाहिजे. तो विचारण्यासाठी हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण घेऊ.

धरण भरले की पक्षी घटले?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्याच्या एका अंगाला पैनगंगा आणि दुसऱ्या अंगाला पूर्णा वाहते. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचा जलाशय हिंगोली आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेला आहे. पूर्णेवर वरच्या बाजूला येलदरी आहे. ते परभणी जिल्ह्यात येते, पण हिंगोलीला अगदी लागून आहे. त्याच्या खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरण आहे. याशिवाय गावोगावचे पाझर तलाव आणि लहान तळी आहेतच.

आता समजा, एका मोठ्या जलाशयावर जानेवारीत गणना झाली आणि पक्षी गेल्या वर्षीपेक्षा निम्मेच भरले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते, ‘पाहुण्या पक्ष्यांनी पाठ फिरवली’. बातमीत प्रदूषण, मासेमारी आणि हवामानबदल या तिन्हींवर दोष ठेवलेला असतो. यांपैकी एखादे कारण खरे असेलही. पण त्याआधी एक साधी गोष्ट विचारायला हवी : त्या दिवशी धरणात पाणी किती होते?

पाणपक्षी सगळे एकाच प्रकारे पोट भरत नाहीत. शेकाट्याचे पाय लांब असले तरी तो उथळ पाण्यातच चालतो. तुतारीला तर नुसता ओला चिखल लागतो. थापट्या बदक आपली पसरट चोच पाण्याच्या पृष्ठभागावर फिरवून बारीक जीव गाळून घेते. चक्रांग बदक शेपूट वर आणि डोके खाली करून मान पोहोचेल तेवढ्याच खोलीवर खाते. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी बुडी मारू शकतो, म्हणून त्याला जरा खोल पाणीही चालते. धरण काठोकाठ भरलेले असले की उथळ काठ फारच अरुंद उरतो. पाणी जिथे चढलेले असते तिथला उतार तीव्र असेल तर चिखलाचा पट्टा मुळीच दिसत नाही. रब्बीसाठी कालव्याला पाणी सोडले, पातळी उतरली, की तोच काठ रुंद होतो, चिखल उघडा पडतो आणि बगळे, शेकाटे, तुताऱ्या तिथे गोळा होतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात आणि त्या पिकांत चरायला पट्टकदंब हंसांसारखे पक्षी उतरतात.

शिवाय पाऊस चांगला झाला की लहान तळीही भरतात. मोठ्या धरणावर एकत्र दिसणारे पक्षी मग पन्नास ठिकाणी पांगतात आणि ज्या लहान तळ्यांवर कुणी मोजायला जात नाही तिथे जाऊन बसतात. उलट दुष्काळात लहान तळी आटतात आणि उरलेल्या पाण्यावर गर्दी होते. पुढे तेही पाणी संपले की सगळेच निघून जातात.

२०१५ चा पावसाळा मराठवाड्यात फार तुटीचा गेला होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. २०२१ चा पावसाळा मात्र अतिवृष्टीचा होता. जानेवारी २०१६ आणि जानेवारी २०२२ मधले एकाच धरणावरचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर त्यांतला फरक पक्ष्यांचा किती आणि पाण्याचा किती? पाण्याची पातळी लिहिलेली नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही. धरणाच्या पातळीची नोंद पाटबंधारे खात्याकडे रोज होत असते. पक्षी मोजणाऱ्याने ती विचारून आपल्या कागदावर लिहिली तर काम भागते. आम्ही पाहिलेल्या बहुतेक स्थानिक अहवालांत ती नसते.

मोजणारे बदलले की आकडा बदलतो

दुसरा मुद्दा मोजणाऱ्यांचा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षी दोन माणसांनी धरणाच्या भिंतीवर उभे राहून एक तास मोजले. आकडा आला ६००. दुसऱ्या वर्षी उत्साह वाढला. दहा माणसे आली, चार ठिकाणी उभी राहिली आणि चार तास मोजत राहिली. आकडा आला ९००. पक्षी दीडपट झाले, असे म्हणायचे का?

कुणी म्हणेल, ठिकाणांच्या संख्येने भागा. ६०० भागिले १ म्हणजे ६००, ९०० भागिले ४ म्हणजे २२५. मग पक्षी निम्म्याहून कमी झाले! हेही बरोबर नाही. सगळ्या ठिकाणांहून सारखेच पक्षी दिसतात असे नाही, आणि दोन ठिकाणांहून तोच थवा दोनदा मोजला गेलेला असू शकतो. तुलना करायची असेल तर दोन्ही वर्षी जे ठिकाण सारखे होते, तिथलीच आणि पहिल्या तासाचीच करायला हवी. समजा, दुसऱ्या वर्षी भिंतीवरून पहिल्या तासात ५६० पक्षी मोजले गेले. म्हणजे फरक ४० चा, सुमारे सात टक्क्यांचा. थव्यांचा अंदाज घेताना होणारी चूक याहून सहज मोठी असते. तेव्हा या दोन वर्षांबद्दल प्रामाणिक विधान एवढेच : फरक दिसला नाही.

एकाच माहितीतून तीन निष्कर्ष निघाले : दीडपट झाले, निम्म्याहून कमी झाले आणि फरक दिसला नाही. तिसरा निष्कर्ष काढता आला, कारण कुठून आणि किती वेळ मोजले हे लिहिलेले होते. ते लिहिलेले नसेल तर लोकांसमोर पहिलाच जातो.

ही चूक आम्हीही केलेली आहे. जिल्ह्यातल्याच एका जलाशयावर एका जानेवारीत आमचे दोन गट एकाच थव्याकडे पाहत होते. एका गटाचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आला. वादावादी झाली आणि शेवटी दोहोंच्या मधला एक आकडा कागदावर लिहून आम्ही चहाला गेलो. दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहिणे हे खरे शास्त्रीय वागणे झाले असते. ते तसे लिहिले असते तर निदान आमचा अंदाज किती चुकतो, एवढे तरी पुढच्या वर्षी मोजायला येणाऱ्यांना कळले असते.

अंदाज सुधारण्याचा एक सोपा उपाय वर्गात करता येतो. काळ्या पाटीवर मूठभर ज्वारी पसरा. मुलांना पाच सेकंद पाहू द्या, पाटी झाका आणि प्रत्येकाला आपला अंदाज लिहायला सांगा. मग दाणे मोजा. पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या संख्येने करा. ढीग मोठा होत जातो तसे बहुतेकांचे अंदाज कमी पडू लागतात, हे मुलांच्याच लक्षात येईल. त्यानंतर दहा दाणे मोजून तेवढी जागा डोळ्यांत धरायची आणि अशा किती जागा भरतील ते पाहायचे, ही रीत शिकवा. काठावर उभे राहून थवा मोजताना हीच रीत वापरतात.

शून्य लिहिण्याची लाज

तिसरा दोष आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. गणनेला गेलो आणि पक्षी दिसलेच नाहीत, तर आपण काय करतो? बहुतेक वेळा कागद पाठवतच नाही. ‘काही नव्हते, काय लिहायचे?’ असे म्हणून परततो. पुढच्या वर्षी त्या तळ्यावर जातही नाही आणि जिथे पक्षी भरपूर दिसतात अशी जागा निवडतो.

याचा परिणाम काय होतो पाहा. गणनेच्या नोंदींत फक्त पक्षी असलेली तळीच उरतात. एखादे तळे बिघडले, त्यावर बेशरम माजली किंवा पाणी आटले, की ते यादीतून गळते. त्यामुळे सगळ्या जिल्ह्याची बेरीज अनेक वर्षे चांगली दिसत राहते आणि तळी मात्र एकेक करून पक्ष्यांना पारखी होत जातात. आजारी मुलांना घरी ठेवून वर्गाचे सरासरी वजन काढावे, तसा हा प्रकार आहे.

गणनेच्या मूळ अर्जाला यात दोष देता येत नाही. तळे कोरडे होते का, किती भाग पाहिला, पायी फिरून मोजले की होडीतून, कोणत्या वेळी, हे सगळे त्यात विचारलेले असते. न ओळखता आलेली बदके ‘न ओळखलेली बदके’ म्हणून लिहिण्याचीही सोय असते. आपणच घाईत हे रकाने मोकळे सोडतो, आणि बातमी देणारे तर त्यांच्याकडे पाहतही नाहीत.

संयोजकांच्या पदरात मात्र एक दोष घातला पाहिजे. १९८७ ते २००७ या वीस वर्षांच्या गणनांचा मोठा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत आहे आणि अभ्यासकांना फार उपयोगाचा आहे. पण कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यातल्या ज्या शिक्षकाने सकाळी पाचला उठून मुलांना काठावर नेले, त्याच्या हाती त्याच्या तळ्याबद्दल चार ओळी मराठीत यायला हव्यात. आपण दिलेल्या आकड्याचे पुढे काय झाले हे ज्याला कधी कळत नाही, तो रकाने काळजीपूर्वक का भरेल?

याद्यांची दुसरी पद्धत

मोजदाद करण्याची दुसरी एक पद्धत आता भारतात रुळली आहे. तिच्यात पक्षीनिरीक्षक वर्षभर, कुठेही आणि कितीही वेळ, दिसलेल्या सर्व पक्ष्यांची यादी करून ईबर्ड या संगणकीय नोंदवहीत भरतात. अशा तीस हजारांहून अधिक लोकांच्या तीन कोटी नोंदींवरून ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२३ मध्ये निघाला. त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. दीर्घ काळातला बदल ज्यांच्याबाबत सांगता येतो अशा ३३८ जाती निघाल्या आणि त्यांपैकी ६० टक्के जाती घटलेल्या दिसल्या. ज्यांच्या धोक्याच्या पातळीचा नव्याने विचार व्हावा असे सुचवले गेले, त्यांत नीलपंखाबरोबर चक्रांग आणि थापट्या ही बदकेही आहेत. ही दोन्ही आपल्याकडची हिवाळी पाहुणी.

इथे ‘घट’ म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. या पद्धतीत पक्षी किती होते यापेक्षा शंभर याद्यांपैकी किती याद्यांत तो आला, हे पाहतात. पूर्वी शंभरांतल्या वीस याद्यांत थापट्या असेल आणि आता दहाच याद्यांत असेल, तर तो घटला असे मानतात. यादीत किती वेळ घालवला हे नोंदलेले असते आणि सर्व दिसलेले पक्षी लिहिलेले असल्यामुळे, जो लिहिलेला नाही तो दिसला नाही असे धरता येते. म्हणजे ज्या शून्याबद्दल वर लिहिले ते या पद्धतीत आपोआप मिळते. हे तिचे मोठे बळ आहे.

पण तिलाही मर्यादा आहेत. थव्यात पाच थापटे असोत की पाचशे, यादीत नाव एकदाच येते. पाचशेचे पन्नास झाले तरी ते यादीत दिसत राहतील आणि घट उशिरा कळेल. शिवाय जिथे निरीक्षक जास्त तिथून याद्या जास्त. मोठ्या शहरांच्या आसपासचे चित्र स्पष्ट होते आणि लहान जिल्ह्यांचे पुसट राहते. देशाचा कल कळला तरी आपल्या पाझर तलावावर काय चालले आहे ते त्यावरून सांगता येत नाही. म्हणून ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवसांत पक्ष्यांची संख्या मोजणारी हिवाळी गणना हवीच. ती नीट झाली तर या दोन पद्धती एकमेकींच्या उणिवा भरून काढतील.

यात गंभीर काय आहे, असे कुणी विचारील. पाणथळ जागांना आंतरराष्ट्रीय महत्त्व देणाऱ्या रामसर कराराचे निकष पाहा. त्यांतला एक निकष असा की त्या जागी नियमितपणे वीस हजार किंवा त्याहून अधिक पाणपक्षी येत असले पाहिजेत. दुसरा असा की एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी तिथे येत असले पाहिजेत. ‘नियमितपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एका वर्षाचा मोठा आकडा पुरत नाही, वर्षानुवर्षांची तुलना करता येईल अशी मालिका लागते. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ झाले. इसापूरला अभयारण्याचा दर्जा आहे. पण गावच्या तळ्याला असा कोणताही दर्जा नसतो. त्याचे उथळ काठ खोदून सरळ उभे करायचे ठरले, तर तिथे दरवर्षी किती पक्षी चरतात हे ग्रामसभेत सांगायला कुणाजवळ तरी कागद हवा. गाळ काढण्याला आमचा विरोध नाही, गावाला पाणी लागतेच. एका बाजूचा काठ उथळ राहू द्या, इतके म्हणायलाही पुरावा लागतो.

इतकी शिस्त लावली तर लोक येतील का?

हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. ‘लोक आनंदासाठी येतात, त्यांना रकाने भरायला लावले तर कुणी फिरकणार नाही.’ यात तथ्य आहे. गणनेच्या निमित्ताने एखाद्या मुलीला पहिल्यांदा दुर्बिणीतून शेकाट्याचे लाल पाय दिसतात, तो क्षण कोणत्याही तक्त्याहून मोलाचा असतो.

पण अमेरिकेतली नाताळची पक्षीगणना पाहा. तिथे नाताळात पक्ष्यांची शिकार करण्याच्या स्पर्धा होत. त्याऐवजी पक्षी मोजू या, असे फ्रँक चॅपमन यांनी सुचवले आणि १९०० साली २७ जणांनी पहिली गणना केली. ती आजही चालू आहे आणि आता हजारो लोक तिच्यात भाग घेतात. सण साजरा करावा तशी ती होते. तरीही ठरलेल्या वर्तुळाच्या बाहेर कुणी मोजत नाही, आणि प्रत्येक गट किती तास व किती मैल फिरला हे लिहूनच देतो. उत्तर अमेरिकेत १९७० पासून सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले, हा २०१९ मधला निष्कर्ष काढताना स्वयंसेवकांच्या अशा जुन्या मोजण्यांचाच मोठा आधार होता. तास आणि अंतर लिहिल्यामुळे तिथला आनंद कमी झालेला दिसत नाही.

शाळेची वही

मग हिंगोलीतल्या किंवा कोणत्याही जिल्ह्यातल्या शाळेने काय करावे? आमच्या मते मोठ्या धरणाचा मोह आधी सोडावा. चालत जाता येईल असे एकच तळे निवडावे. काठावर एक खूण ठरवावी, एखादे बाभळीचे झाड किंवा दगड, आणि दरवेळी तिथूनच मोजावे. पाण्यात एक खांब रोवून त्यावर वीतभर अंतरावर पट्टे रंगवावेत, म्हणजे पातळी लिहिता येईल. जानेवारीतल्या गणनेशिवाय नोव्हेंबर ते मार्च महिन्यातून एकदा, सकाळी त्याच वेळी, एक तास मोजावे. महिन्या-महिन्यांत आकडा किती वरखाली होतो हे कळले, की एका दिवसाच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा तेही आपोआप कळते.

वहीत तारीख, सुरवातीची आणि शेवटची वेळ, मोजणाऱ्यांची संख्या आणि पाण्याची पातळी आधी लिहावी, पक्षी त्यानंतर. ओळखता न आलेले पक्षी तसेच लिहावेत. नाव ठाऊक नाही म्हणून शिक्षकाने संकोच करू नये. दहा जाती खात्रीने ओळखून मोजलेल्या, चाळीस जाती अंदाजाने लिहिलेल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. आणि काहीच दिसले नाही तर तारीख, वेळ, पातळी लिहून पुढे ठळक शून्य काढावे.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. अशा मालिका बहुधा पक्ष्यांमुळे तुटत नाहीत, बदलीमुळे तुटतात. हौशी शिक्षकाची बदली होते आणि त्याच्याबरोबर वहीही जाते. म्हणून ही वही शाळेची असावी, हजेरीपुस्तकासारखी कपाटात राहावी आणि मोजणीची खूण कोणती हे तिच्या पहिल्या पानावर नकाशा काढून दाखवलेले असावे. नवे शिक्षक किंवा पुढच्या वर्गातली मुले ती उघडतील, त्याच बाभळीखाली उभी राहतील आणि त्याच वेळी मोजायला सुरवात करतील.